पंचांग, पोफळी आणि दोन सायकली

रायगडच्या किनाऱ्यावर सायकल चालवायची तर आधी पंचांग बघावं, हे आम्हाला नागावच्या एका वाडीवाल्या काकांनी शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या पुढे, म्हणजे पहाटे पाणी पार मागे हटलेलं. ओली वाळू तेव्हा इतकी घट्ट असते की चाक रुतत नाही. 2015 पासून नवरा आणि मी थंडीतले शनिवार-रविवार या हिशोबाने ठरवत आलो आहोत. घरी परतल्यावर चेन गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेल द्यायचं. एवढं केलं नाही तर खारं पाणी ती आठवडाभरात खाऊन टाकतं.

सुरुवातीला भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडायचो. सायकली टपावर चढवायच्या की नाही हे खलाशाच्या मर्जीवर. चढवल्याच तर तो त्या आपल्या हाताने दोरीने आवळून बांधायचा आणि उतरताना “काकू, जरा जपून” म्हणत खाली द्यायचा. मार्च 2020 मध्ये मांडव्याची रो-रो सुरू झाली आणि गाड्यांबरोबर सायकलीही सरळ बोटीच्या पोटात जाऊ लागल्या. सोय मोठी झाली, तासाभरात पलीकडे. मात्र त्याच बोटीतून आमच्यासोबत मोटारींची रांगही उतरते, आणि शनिवारी सकाळी मांडवा ते चोंढी हा अरुंद रस्ता सायकलवाल्याला जीव मुठीत धरूनच पार करावा लागतो.

पहिली काही वर्षं आम्ही अलिबागजवळच्या अष्टागराच्या बाहेर फारसे गेलोच नाही. अलिबाग ते रेवदंडा हे अंतर सतरा-अठरा किलोमीटरच, पण वाटेत थांबायला इतकं आहे की सकाळ पुरत नाही. दहानंतर ऊन चढतं आणि दमट हवेत घाम वाळत नाही, तेव्हा कोकम सरबत पिऊन कुणाच्या तरी पडवीत चार वाजेपर्यंत टेकायचं. आक्षीचा शिलालेख असाच एका थांब्यावर पाहिला. शके 934, म्हणजे इ.स. 1012 चा. मराठीतला सर्वांत जुना लेख म्हणून अनेक अभ्यासक त्याचं नाव घेतात. मी त्या दगडावर हात ठेवून बराच वेळ उभी होते. अक्षरं झिजली आहेत, वाचता येत नाहीत. पण हजार वर्षांपूर्वी याच गावात कुणीतरी आपल्या भाषेत काही कोरून ठेवावं, याने मला अजूनही भरून येतं.

रेवदंड्यात मुख्य रस्ताच पोर्तुगीज तटबंदीतून आत शिरतो आणि कोटाच्या आत चक्क नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात चौल बंदरी उतरला, त्याचं स्मारकही इथेच आहे. कुंडलिकेचा पूल ओलांडला की कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली आजही घरात बोलली जाते. मासळी विकणारी बाई आमच्याशी मराठीत भाव करत होती, मध्येच वळून तिने मुलाला त्या बोलीत हाक मारली, आणि पुन्हा आमच्याशी मराठीत. कोर्लईच्या किल्ल्यापेक्षा मला तेच जास्त लक्षात राहिलं.

मग 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. प्रवासावरचे करोनाकाळातले निर्बंध सैल झाल्यावर त्या हिवाळ्यात चौलच्या रस्त्याला लागलो, आणि पहिला फरक कळला तो पाठीला. ऊन लागत होतं. आधी या रस्त्यावर भर सकाळी गारवा असायचा, आता वर नुसतं आभाळ. वाड्यांमध्ये पोफळी कमरेतून मोडलेल्या, माड मुळासकट आडवे. नागावच्या काकांनी वाडी दाखवली. मिरीचे वेल ज्या झाडांवर चढवले होते तीच पडली, म्हणून वेलही गेले. पोफळ उत्पन्नावर यायला पाच-सात वर्षं जातात. शिवाय कोवळ्या रोपाला कडक ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावायच्या, त्यांच्या सावलीत पोफळीची रोपं. काका हे सगळं हिशोब सांगावा तसं सांगत होते आणि नवरा खाली मान घालून ऐकत होता. त्यानंतर दर हिवाळ्याला आम्ही आधी त्या वाडीत जातो. रोपं गुडघ्याएवढी होती तेव्हापासून पाहिली आहेत. आता केळी काढून टाकल्या आहेत.

दक्षिणेकडे वळलो ते त्यानंतर. काशीद, नांदगाव, मुरूड हा चढ-उताराचा रस्ता दमवतो. राजपुरीच्या चढावर जंजिरा दिसला की उतरून उभं राहावंच लागतं. आगरदांड्याहून जंगल जेटीने, म्हणजे फेरीबोटीने, दिघीला उतरायचं आणि दिवेआगर गाठायचं. तिथला सुवर्णगणेश 1997 मध्ये सापडला, 2012 मध्ये चोरीला गेला आणि 2021 मध्ये पुन्हा प्रतिष्ठापित झाला. तिथून श्रीवर्धनपर्यंत डोंगर आणि समुद्र यांच्यामधून जाणारा रस्ता मला साऱ्या किनाऱ्यात सुंदर वाटतो. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या बागांनाही वादळाने असंच झोडपलं होतं. पुढे हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला सावित्रीची खाडी, आणि पलीकडे रत्नागिरी जिल्हा.

आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. पूल हवेतच. रात्री-अपरात्री आजारी माणसाला पलीकडे न्यायचं तर जेटीवर बोटीची वाट बघणं किती जीवघेणं असतं, हे इथली माणसं सांगतात. माझं मागणं एवढंच आहे की त्या पुलांवर पायी आणि सायकलीने जाणाऱ्यांसाठी वेगळी, कठड्याने राखलेली कडा असावी. आमच्यासारखे हौशी हिवाळ्यापुरते येतात. पण कोर्लईपासून श्रीवर्धनपर्यंत रोज सकाळी दप्तर कॅरियरला अडकवून शाळेत निघालेल्या मुली आम्हाला भेटतात, आणि रस्ता रुंद झाल्यावर मागून भरधाव येणारी गाडी आधी त्यांच्याजवळून जाणार आहे.