‘क्लीन’ क्रीम आणि नाजूक त्वचा

त्वचा नाजूक, त्यात पुटकुळ्या. मग ‘क्लीन’ लिहिलेली महागडी बाटली भरवशाची वाटू लागते. मात्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘क्लीन’ची व्याख्याच केलेली नाही. काय वगळायचं, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

वगळण्यात पहिला नंबर लागतो तो पॅराबेन या प्रिझर्व्हेटिव्हचा. पण क्रीममध्ये पाणी असतं, त्यामुळे जंतू रोखायला प्रिझर्व्हेटिव्ह लागतंच. अनेक उत्पादनांत पॅराबेनऐवजी मिथाइलआयसोथायाझोलिनोन आलं आणि त्याची ॲलर्जी झपाट्याने वाढली. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली त्याला ‘वर्षाचं ॲलर्जन’ ठरवलं. २०१९ मध्ये याच संस्थेने पॅराबेनला ‘वर्षाचं नॉन-ॲलर्जन’ जाहीर केलं.

नैसर्गिक सुगंधी तेलंही निर्धोक नसतात. लव्हेंडरमधलं लिनालूल आणि संत्र्या-लिंबाच्या तेलातलं लिमोनीन यांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात. त्वचेला ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांचीच.

म्हणून किमतीआधी घटकांची यादी वाचा. त्यात ‘फ्रॅग्रन्स’, ‘पर्फ्यूम’ किंवा सुगंधी तेलं असतील, तर नाजूक त्वचेसाठी ते उत्पादन टाळलेलंच बरं. नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस लावून पाहा. खाज किंवा लाली आली नाही, तरच चेहऱ्याला लावा. एका वेळी एकच नवं उत्पादन सुरू करा. पुटकुळ्यांवर बेंझॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापलीन यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. महागड्या बाटलीआधी त्यांच्याविषयी त्वचारोगतज्ज्ञांना जरूर विचारा.