आयएसओ ४५००१ मानकाचा स्वीकार आणि व्याप्तीचा प्रश्न : अहिल्यानगर जिल्ह्यातील साखर उद्योगाच्या संदर्भात

प्रस्तावना

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्याच्या औद्योगिक वाटचालीचा विचार करताना प्रवरेच्या काठापासून सुरुवात करावी लागते. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ चा. त्या काळी कारखाना म्हणजे गव्हाण, चरक, बॉयलर आणि साखरेचे गोदाम एवढेच चित्र होते. आज त्याच आवारात आसवनी, सहवीजनिर्मिती आणि इथेनॉल प्रकल्प आले आहेत. उत्पादनाबरोबर धोक्याचे स्वरूपही बदलले. फेब्रुवारी २०२३ मध्ये शेवगाव तालुक्यातील एका साखर कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पाला लागलेल्या भीषण आगीने ही बाब जिल्ह्यासमोर आणली. या पार्श्वभूमीवर व्यावसायिक आरोग्य व सुरक्षिततेच्या आयएसओ ४५००१ या मानकाचा परिचय करून देणे आणि त्याच्या स्वीकारात निर्णायक ठरणाऱ्या, परंतु सहसा दुर्लक्षित राहणाऱ्या एका मुद्द्याकडे लक्ष वेधणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. तो मुद्दा म्हणजे मानकाची व्याप्ती.

मानकाचे स्वरूप

या विषयावर आधी मान्यता पावलेले मानक म्हणजे १९९९ चे ओएचएसएएस १८००१. ते आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे नव्हते. भारतीय मानक ब्यूरोने २००० मध्ये आयएस १८००१ तयार केले. पुढे मार्च २०१८ मध्ये आयएसओ ४५००१ प्रसिद्ध झाले आणि जुन्या प्रमाणपत्रधारकांना स्थलांतरासाठी तीन वर्षांची मुदत मिळाली. कोविड साथीमुळे ती सप्टेंबर २०२१ पर्यंत वाढवण्यात आली. भारताने हे मानक आयएस/आयएसओ ४५००१ या नावाने स्वीकारले आहे.

हे मानक म्हणजे कायदा नव्हे. ते ऐच्छिक आहे. यंत्राला कोणते कुंपण असावे, आवाज किती डेसिबल असावा, हे ते सांगत नाही. संस्थेने आपले धोके स्वतः शोधावेत, त्यांचे मूल्यमापन करावे, उपाय योजावेत आणि ते उपाय चालतात की नाही हे तपासत राहावे, एवढीच त्याची मागणी आहे. प्राध्यापकवर्गाला ही पद्धत अपरिचित नाही. नॅकच्या मूल्यांकनाला सामोरे गेलेल्या प्रत्येकाला स्वयंमूल्यांकन म्हणजे काय हे ठाऊक आहे, आणि समिती येण्यापूर्वीच्या पंधरवड्यात फायली कशा तयार होतात हेही ठाऊक आहे. सुरक्षा व्यवस्थापनालाही नेमका हाच आजार जडू शकतो. फरक एवढाच की तेथे कोरी राहिलेली नोंद एखाद्याच्या जिवावर बेतते.

धोका आणि जोखीम

मानकाच्या भाषेत इजा करू शकणारी स्थिती म्हणजे धोका. ती इजा घडण्याची शक्यता आणि तिची तीव्रता यांचा एकत्रित विचार म्हणजे जोखीम. उदाहरणार्थ, मोलॅसिसची रिकामी टाकी. तळाशी उरलेला द्रव आंबतो, कार्बन डाय-ऑक्साइड साचतो आणि प्राणवायू घटतो. टाकी वरून निरुपद्रवी दिसते. साफसफाईसाठी उतरलेला कामगार बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि अशा अपघातांत बळींची संख्या वाढते ती बहुधा या दुसऱ्या-तिसऱ्या माणसामुळे.

अशा वेळी आपल्याकडे पहिला उपाय सुचतो तो मुखवटा देण्याचा. मानकातील नियंत्रणाची उतरंड मात्र उलट दिशेने विचार करायला लावते. आत माणूस उतरवण्याची गरजच टाळता येईल काय, बाहेरून पाण्याच्या झोताने टाकी धुता येईल काय, हा पहिला प्रश्न. ते शक्य नसेल तर यांत्रिक वायुवीजन, त्यानंतर वायुमापन, लेखी परवाना व बाहेर उभा राहणारा साहाय्यक, आणि वैयक्तिक संरक्षक साधने सर्वांत शेवटी. बगॅसच्या ढिगाऱ्यालाही हेच लागू पडते. बुरशी धरलेल्या बगॅसची धूळ फुप्फुसात गेल्याने ‘बगॅसोसिस’ हा विकार होतो. नाकावर रुमाल बांधण्याची सूचना लावण्यापेक्षा साठवण आणि वहन यांची पद्धत बदलणे अधिक परिणामकारक होय.

कामगार कोण?

येथवरचा भाग तांत्रिक आहे आणि सक्षम अभियंता तो पार पाडू शकतो. खरी कसोटी यापुढे आहे. मानकाने ‘कामगार’ या शब्दाची केलेली व्याख्या अत्यंत व्यापक आहे. संस्थेच्या नियंत्रणाखाली काम करणारी प्रत्येक व्यक्ती, मग ती कायम असो, तात्पुरती असो, कंत्राटदाराची असो वा हंगामी असो, तीत येते. ‘हंगामी’ हा शब्द व्याख्येच्या टीपेत स्पष्टपणे आला आहे. साखरपट्ट्यातील वाचकाला तो वाचताना ऊसतोड कामगार आठवल्याशिवाय राहणार नाही.

या जिल्ह्याचे वैशिष्ट्य असे की कोयता आणि कारखाना दोन्ही येथेच आहेत. पाथर्डीसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यातून टोळ्या निघतात. राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर या पट्ट्यात कारखाने उभे आहेत. शेजारच्या बीड जिल्ह्यातूनही टोळ्या येतात. पती-पत्नी मिळून एक कोयता; मुकादमाकडून उचल; फडाजवळ कोपी; पहाटेच्या अंधारात तोडणी; डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढणे. सर्पदंश, कोयत्याच्या जखमा, ट्रॉली उलटणे हे येथील धोके. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आल्यावर २०१९ मध्ये शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तोडणीचे काम हा आरोग्याचाही प्रश्न आहे, ही गोष्ट त्यामुळे शासनदरबारी नोंदली गेली.

कायद्याची स्थिती काय? भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात सुधारणा होऊन धोकादायक प्रक्रियांसाठी सुरक्षा समिती आणि आसन्न धोक्याबाबत इशारा देण्याचा कामगाराचा अधिकार आला. त्या अधिनियमाची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तथापि तिच्यातील आंतरराज्य स्थलांतरितांविषयीच्या तरतुदी राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी आहेत. पाथर्डीहून कोपरगावला आलेला कामगार सहा महिने घराबाहेर राहूनही त्या अर्थाने स्थलांतरित ठरत नाही.

व्याप्तीचे विधान

मानक स्वीकारणाऱ्या संस्थेने प्रणालीची व्याप्ती स्वतः ठरवावयाची असते. ‘साखर, वीज व मद्यार्क यांचे उत्पादन’ एवढेच लिहून व्याप्ती कारखान्याच्या फाटकापाशी थांबवणे सोयीचे आहे. फड शेतकऱ्याचा, करार वाहतूकदाराशी, मजूर मुकादमाचे, हा युक्तिवादही तयार असतो. परंतु संस्थेच्या नियंत्रणात किंवा प्रभावात असलेली आणि सुरक्षिततेवर परिणाम करणारी कामे प्रणालीत समाविष्ट असावीत, असे मानक सांगते. कोणता फड कोणत्या दिवशी तोडावयाचा हे शेतकी विभागाचा तोडणी कार्यक्रम ठरवतो. ऊस वजनकाट्यावर कारखान्याचाच होतो. हे नियंत्रण नव्हे तर काय? संपूर्ण नियंत्रण नसेल, पण प्रभाव निश्चितच आहे. मागे रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीला वजनकाट्यावर रोखण्याचा निर्णय कारखाना एका दिवसात घेऊ शकतो, आणि त्याचा परिणाम फाटकाबाहेरच्या सर्व रस्त्यांवर दिसतो.

कामगारांशी सल्लामसलत आणि त्यांचा सहभाग यांवर मानकाचा विशेष भर आहे. भाषा, निरक्षरता, सूडाची भीती हे अडथळे दूर करण्यास ते सांगते. प्रशिक्षण विनामूल्य व शक्यतो कामाच्या वेळेत असावे असेही सुचवते. टनावर मजुरी घेणाऱ्या जोडप्याला एक तासाचे प्रशिक्षण म्हणजे एक तासाची बुडालेली मजुरी होय. ती भरून देण्याची तरतूद अंदाजपत्रकात नसेल तर सहभाग कागदावरच राहील. उचल घेतलेला मजूर मुकादमादेखत तक्रार करील अशी अपेक्षा ठेवणेही भाबडेपणाचे आहे. ऐकून घेण्याची जागा कोपीवर आणि मुकादमाच्या अनुपस्थितीत असावी लागेल.

वेळेचाही विचार व्हावयास हवा. राष्ट्रीय सुरक्षा दिन ४ मार्चला येतो. कारखान्यात फलक लागतात, शपथ होते. तेव्हा हंगाम उतरणीला लागलेला असतो आणि टोळ्यांना परतीचे वेध लागलेले असतात. तोडणी-वाहतुकीचे करार व उचलीचे वाटप पावसाळ्यातच होते. फडातील जोखमीचे मूल्यमापन त्यापूर्वी झाले, तरच प्रथमोपचार पेटी, गमबूट, पिण्याचे पाणी, महिलांसाठी शौचालय आणि रात्रीच्या वाहतुकीची बंधने या बाबी करारात कलम म्हणून येऊ शकतात. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या वेळी सुरू केलेले काम त्या हंगामापुरते उशिराचे ठरते.