यकृतातील वाहिन्यर्बुद व यकृत् सूत्रण रोग

वाहिन्यर्बुद ही रक्तवाहिन्यांच्या अपसामान्य वाढीने होणारी यकृतातील सर्वांत सामान्य सौम्य गाठ होय. नीलेत आयोडिनयुक्त द्रव्य टोचून संगणकीय छेददर्शन केल्यास निरोगी यकृतात ती सहज ओळखता येते : प्रथम कडेचे तुटक ठिपके उजळतात, मग ही उजळी सावकाश मध्याकडे सरकते व टिकून राहते. यकृत् सूत्रण रोगात (सिऱ्होसिस) मात्र तंतुमय ऊतक वाढून गाठ आक्रसते आणि ही खूण पुसट होते.

याच रोगात यकृताच्या कर्करोगाचा धोका मोठा असतो व त्याचे निदान पुष्कळदा जीवोतक परीक्षेविना, केवळ प्रतिमांवरून केले जाते. त्यामुळे येथील गल्लत रुग्णाला महाग पडते. कर्करोगाची गाठ रोहिणीतील रक्ताने लवकर उजळून नंतर भोवतालच्या यकृतापेक्षा काळपट होते. लहान वाहिन्यर्बुदही लवकर उजळते. पण पुढेही त्याची उजळी मोठ्या रक्तवाहिन्यांइतकी राहते. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनात गॅडोक्सेटिक अम्ल वापरल्यास हा भेदही फसवा ठरतो. ते यकृत् कोशिकांत शिरल्याने यकृतच उजळते व वाहिन्यर्बुद त्या मानाने काळपट भासते. अशा वेळी नव्या तपासणीपेक्षा रुग्णाच्या जुन्या प्रतिमा अधिक उपयोगी पडतात. वर्षानुवर्षे न वाढलेली किंवा लहान होत गेलेली गाठ बहुधा सौम्य असते. संशय राहिल्यास जीवोतक परीक्षा करावी लागते.