नवरा परदेशात, मग पोटगी कुणाकडे मागायची?

'फॉरेनचा जावई' म्हणून ज्याचं मांडवात कौतुक झालं, त्याचे पैसे वर्ष-दोन वर्षांत येईनासे होतात, मग फोनही थांबतो. मुलगी लेकरू घेऊन माहेरी. अशा मुली आता तालुक्याच्या गावातही भेटतात. आणि घरचे हात टेकून म्हणतात, "तो तिकडे, आपण इकडे. आपलं कोर्ट त्याचं काय करणार?"

बरंच काही करू शकतं. पण अर्ज केला तर! त्यासाठी परदेशात सोडाच, सासरच्या गावीही जावं लागत नाही. पूर्वी ज्याला 'एकशे पंचवीसची केस' म्हणत, ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. बायको राहते तिथल्या कोर्टात हा अर्ज करता येतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही माहेरच्या गावातून दाद मागता येते. घरखर्चाचे पैसे बंद करणं हा त्या कायद्यात आर्थिक छळच आहे.

मूळ केसचा निकाल लागेल तेव्हा लागेल. शाळेची फी तोवर थांबत नाही. म्हणून अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतची पोटगी मागायची, स्वतःसाठी आणि मुलासाठी. नोटीस पोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत यावर निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, हे कबूल. पण ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'रजनीश विरुद्ध नेहा' या खटल्यात एक मोलाची गोष्ट सांगितली: पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे कोर्टाने वेळ घेतला तरी ते महिने बुडत नाहीत.

आमच्याकडे आलेल्या एका मुलीने 'दिवाळीला येतो, बसून बोलू' यावर दोन दिवाळ्या काढल्या. तो आलाच नाही. मधल्या महिन्यांची पोटगी कुणाकडे मागणार? बोलणी जरूर करा बायांनो, पण आधी अर्ज टाका.

त्याच निकालाने दोघांनाही मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं. इथे आपल्या मुली कमी पडतात. नवरा कुठल्या कंपनीत आहे, कुठे राहतो, काहीच ठाऊक नसतं! जे हाती असेल ते जपून ठेवा: त्याच्या पासपोर्टची, व्हिसाची झेरॉक्स, जुनी पगारपत्रकं, बँकेत पैसे आल्याच्या नोंदी, ई-मेल, नव्या गाडीचे त्यानेच टाकलेले फोटो. मोबाइल बदलताना मेसेज पुसू नका. आणि आपला खर्च नीट लिहून काढा. फी, रिक्षा, वह्या, दवाखाना, घरभाडं, सगळं पावत्यांसकट. डॉलरला रुपयाने गुणून मोठा आकडा मागितला म्हणजे तो मिळतो असं नाही. तिकडचं भाडं, कर, कर्ज तोही दाखवणारच. त्यासमोर आपल्या पावत्याच बोलतात. 'तू शिकलेली आहेस, नोकरी कर' हे ऐकावं लागेल. पण निव्वळ शिक्षण आहे म्हणून पोटगी नाकारता येत नाही.

समन्स त्याच्यापर्यंत कसं पोचणार, हा पुढचा प्रश्न. परदेशी समन्स पाठवायची अधिकृत पद्धत आहे, तिला वेळ लागतो. ई-मेलनेही पाठवायची परवानगी वकिलांमार्फत मागा. तो जाणूनबुजून टाळतोय अशी कोर्टाची खात्री पटली तर एकतर्फी आदेशही होऊ शकतो.

वसुली मात्र कठीण, खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. आपल्या कोर्टाचा आदेश अमेरिकेत आपोआप लागू होत नाही. पण तो पुण्याच्या कंपनीतर्फे तिकडे गेला असेल, तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली कोर्ट कंपनीलाच सांगू शकतं, की पगारातून रक्कम परस्पर बायकोला द्या. इथलं त्याचं बँक खातं, फ्लॅट, शेतातला त्याचा हिस्सा यांवर जप्ती येऊ शकते. सासूच्या स्वतःच्या नावावरचं घर यात धरू नका. मुलाच्या पोटगीसाठी आईची मालमत्ता जप्त करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलंय. कोर्टाचं वॉरंट निघालं तर पासपोर्ट अधिकारी त्याचा भारतीय पासपोर्ट जप्त करू शकतात. ही चाहूल लागली की कित्येक नवऱ्यांना अचानक मुलाची आठवण येते!

वकिलाच्या फीचा धसका घेऊ नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. राष्ट्रीय महिला आयोगातही परदेशस्थ नवऱ्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे.

आणि आदेश हातात पडल्यावर कपाटात ठेवून देऊ नका. कलम १४४ खाली थकलेल्या रकमेसाठी वॉरंट हवं, तर ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. कॅलेंडरवर खूण करून ठेवा.