खेळाडूंचा बाजार : बोली, निवड आणि अदलाबदलीचा व्यापारी हिशेब

1 जून ते 31 जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. मिरकरवाड्याच्या बंदरात नौका उभ्या राहतात, पावसामुळे बाजारात गिऱ्हाईक कमी होते आणि दुकानांतून गप्पांना ऊत येतो. अलीकडे या गप्पांत एक विषय हमखास निघतो. कोणत्या संघाने कोणता खेळाडू सोडला, कोणाला घेतले, कितीला घेतले? मैदानावर एकही सामना चालू नसतो, तरी वाद असे रंगतात की चहा थंड होऊन जातो.

या वादात आपले व्यापारी आणि कारागीर बांधवही हिरिरीने भाग घेतात, आणि त्यात वावगे काही नाही. मात्र दिवसभर मालाची खरेदी करणारा माणूससुद्धा खेळाडूच्या किमतीविषयी बोलताना आपला व्यापारी हिशेब घरी ठेवून येतो, असे दिसते. "एवढा चांगला खेळाडू, मग घ्यायलाच हवा होता" एवढ्यावर तो थांबतो. मासळीच्या लिलावात उभा असताना तो असा विचार कधी करणार नाही. आता गावोगावच्या स्पर्धांतही खेळाडूंवर बोली लागते आणि संघमालक म्हणून दुकानदाराचे नाव पुढे येते. म्हणून हा बाजार कसा चालतो, हे नीट समजून घेणे आपल्या फायद्याचे आहे.

खेळाडू मिळवण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग लिलावाचा. तो आपल्याला नवा नाही. फरक इतकाच की येथे प्रत्येक संघाला खर्चाची ठरावीक मर्यादा घालून दिलेली असते. मालक कितीही श्रीमंत असला तरी त्या थैलीबाहेर त्याला जाता येत नाही. जुने खेळाडू कायम ठेवले तर त्यांचे मानधन याच थैलीतून वजा होते. आयपीएलचा पहिला लिलाव फेब्रुवारी 2008 मध्ये मुंबईत झाला, तेव्हापासून ही पद्धत घरोघरी माहीत झाली. प्रो कबड्डीतही 2014 पासून खेळाडूंचा लिलाव होतो.

दुसरा मार्ग निवडीचा, म्हणजे ज्याला ड्राफ्ट म्हणतात तो. यात बोली वाढत नाही. संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात आणि किंमत आधीच ठरलेली असते. येथे महत्त्व पैशाला नसून पाळीला आहे. पहिली पाळी कोणाची, हाच सारा प्रश्न. डिसेंबर 2015 मध्ये आयपीएलमध्ये असेच घडले. चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी बाहेर गेले होते आणि पुणे व राजकोट हे दोन नवे संघ आले होते. पहिली पाळी पुण्याला मिळाली आणि पुण्याने महेंद्रसिंग धोनीला घेतले. राजकोटने सुरेश रैनाला घेतले. असे करत दोघांनी पाच-पाच खेळाडू उचलले. पहिल्या निवडीचे मूल्य साडेबारा कोटी, दुसरीचे साडेनऊ कोटी, असे उतरत पाचवीचे 4 कोटी धरले होते.

फुटबॉलमध्येही हा प्रकार आपल्याकडे झाला आहे. 23 जुलै 2017 रोजी इंडियन सुपर लीगची निवड मुंबईत झाली. जमशेदपूरचा संघ त्या वर्षी नवा होता. त्याने पहिलीच निवड केरळच्या अनस एडथोडिका या बचावपटूची केली. त्याचे मूल्य 1 कोटी 10 लाख होते. मलप्पुरम जिल्ह्यातील हा खेळाडू तरुणपणी ऑटोरिक्षा चालवत असे. त्याच दिवशी कोलकात्याच्या संघाने युजेनसन लिंगडोह याला तेवढ्याच मूल्याला घेतले. पुढे या लीगने निवडीची पद्धत सोडून दिली आणि संघ थेट खेळाडूशी करार करू लागले.

तिसरा मार्ग अदलाबदलीचा. एक संघ आपला खेळाडू देतो आणि बदल्यात दुसऱ्याचा खेळाडू किंवा रोख रक्कम घेतो. श्रीरामपूरचा जहीर खान 2008 मध्ये बंगळूरकडून खेळला. 2009 च्या हंगामापूर्वी तो मुंबईकडे आला आणि मुंबईचा रॉबिन उथप्पा बंगळूरला गेला. मुंबईला नव्या चेंडूचा गोलंदाज हवा होता, बंगळूरला फलंदाज हवा होता. ज्याच्याकडे जे जास्त, ते देऊन ज्याची कमतरता, ते घेतले. कापडवाला आणि शिंपी यांच्यातला व्यवहार याहून वेगळा नसतो.

पुढील वर्षाच्या पाळीची हुंडी

अमेरिकेत फुटबॉल म्हणून जो खेळ खेळला जातो तो आपल्या फुटबॉलपेक्षा निराळा, पण निवडीची पद्धत तिथे फार जुनी आहे. 1936 पासून ती चालू आहे. तिचा मूळ नियम असा की ज्या संघाची कामगिरी सर्वांत वाईट त्याला पुढच्या वर्षी पहिली पाळी. कमकुवताला आधार मिळावा आणि सामने एकतर्फी होऊ नयेत, हा त्यामागील हेतू.

पहिल्याच वर्षी गंमत झाली. फिलाडेल्फियाच्या संघाने जे बेरवँगर नावाचा खेळाडू सर्वांत आधी निवडला. त्याने नंतर त्याच्यावरचा हक्क शिकागोच्या संघाला दिला. पण शिकागोशी त्याचे पैशावर जमले नाही आणि तो व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही. हक्क विकत घेणे वेगळे आणि माणूस कामावर येणे वेगळे, हे त्या वेळीच सिद्ध झाले. ज्या बांधवांनी इसार देऊन कारागिराची वाट पाहिली आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको.

पुढे या पद्धतीत व्यापाऱ्याला ओळखीची वाटेल अशी गोष्ट आली. संघ आपली पुढील वर्षांची पाळीसुद्धा विकू लागले. आज तयार खेळाडू दे, त्याच्या बदल्यात पुढल्या वर्षीची माझी पहिली निवड घे. ही एक प्रकारची हुंडीच झाली. माल आज, चुकती पुढे.

याचे गाजलेले उदाहरण ऑक्टोबर 1989 चे. डॅलसच्या संघाने आपला सर्वांत नावाजलेला खेळाडू हर्शेल वॉकर मिनेसोटाला दिला. बदल्यात काही खेळाडू मिळाले आणि 1990, 1991 व 1992 या तीन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पाळ्याही मिळाल्या. त्या हंगामात डॅलसने सोळापैकी एकच सामना जिंकला. लोकांनी मालकाला वेड्यात काढले असेल तर नवल नाही. पण त्या हुंड्या वटवून डॅलसने तरुण खेळाडू जमवले आणि 1993, 1994 व 1996 या वर्षांत विजेतेपद पटकावले. मिनेसोटाला मात्र ज्या विजेतेपदाची घाई होती ते मिळाले नाही.

म्हणजे अशा व्यवहाराचा निकाल त्या दिवशी लागत नाही. तीन वर्षांनी लागतो. पावसाळ्यातल्या गप्पांत तो पाच मिनिटांत लावला जातो, एवढाच फरक.

किंमत खेळाडूची नव्हे, गरजेची

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. लिलावात लागलेली किंमत ही खेळाडूच्या योग्यतेचे मोजमाप आहे असे आपण समजतो. तसे नसते. किंमत दोन गोष्टींवर ठरते. समोरच्याच्या थैलीत किती शिल्लक आहे आणि त्याला त्या जागेची किती निकड आहे. त्याच दर्जाचे दोन खेळाडू पुकारले, तर पहिला महाग आणि शेवटचा स्वस्त जाऊ शकतो. मासळीची पहिली टोपली आणि शेवटची टोपली यांचा भाव ज्याने पाहिला आहे, त्याला हे कळते.

ऑक्टोबर 2023 मधील प्रो कबड्डीचा लिलाव पाहा. प्रत्येक संघाची थैली 5 कोटींची. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत याला 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतले. म्हणजे अर्ध्याहून अधिक थैली एका माणसावर गेली. पवन उत्तम चढाईपटू, यात शंका नाही. पण त्या हंगामात टायटन्सने 22 पैकी 2 सामने जिंकले आणि ते तळाला राहिले.

त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलू याच्यावर 2 कोटी 35 लाख खर्च केले. तोही खर्च लहान नव्हता. तरी मार्च 2024 मध्ये विजेतेपद पुण्याने मिळवले. मग फरक कुठे? पुण्याकडे आधीच घडवलेले तरुण खेळाडू होते आणि कर्णधार होता महाराष्ट्राचाच अस्लम इनामदार. दुकानाच्या फळ्या भरलेल्या असताना एक महाग नग आणला तर तो शोभतो. फळ्या रिकाम्या ठेवून तोच नग आणला तर गिऱ्हाईक बघून निघून जाते. महाग घेणे ही चूक नव्हे. उरलेल्या पैशात बाकीचे दुकान भरते की नाही हे न पाहता घेणे, ही चूक.

म्हणून पुढील वेळी वाद निघाला की तीन प्रश्न विचारावेत. घेतल्यावर थैलीत काय उरले? त्या जागी आधी कोण होते? आणि ज्याला सोडले त्याच्या पैशातून काय आले?

आपल्या जिल्ह्यापुरते

रत्नागिरीला हे सारे परके नाही. 2023 मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये रत्नागिरी जेट्सने अझीम काझी याच्या नेतृत्वाखाली 2023 आणि 2024 अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. चिपळूण तालुक्यातील कोळकेवाडीचा शुभम शिंदे प्रो कबड्डीत पोहोचला. त्यामुळे गावच्या मुलांना लिलावात आपलेही नाव पुकारले जावे असे वाटते, हे साहजिक आहे.

गावच्या टेनिस बॉल स्पर्धांत जी बोली लागते ती बहुतेक वेळा गुणांची असते, रुपयांची नव्हे. हजारो गुणांना गेलेल्या मुलाच्या हातात कदाचित एक टी-शर्ट आणि दोन वेळचे जेवणच पडते. मुलाला आणि त्याच्या घरच्यांना हा फरक स्पष्ट सांगितला पाहिजे. ज्याच्यावर बोली लागली नाही, त्याचे नाव भर मंडपात "शिल्लक" म्हणून पुकारले जाते. त्या मुलाच्या मनाचाही विचार आयोजकांनी करावा. खेळातील उमेदीची वर्षे थोडी असतात. वेल्डिंग, वायरिंग, शिवणकाम, जे काही हातात आहे ते सुटू देऊ नये.

संघमालक होऊ इच्छिणाऱ्या दुकानदारांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

प्रवेश फी हा खर्चाचा एक भाग झाला. कपडे, चेंडू, गाडीभाडे, जेवण आणि एखाद्याला दुखापत झाल्यास औषधपाणी, या सर्वांची बेरीज आधी कागदावर मांडावी. ही रक्कम जाहिरातीचा खर्च म्हणून धरावी आणि ती परत येणार नाही असे समजूनच द्यावी. बक्षीस मिळाले तर मुलांमध्ये कसे वाटायचे, ते स्पर्धेपूर्वीच लिहून ठेवावे. खेळाडूला काही द्यायचे कबूल केले असेल तर सामना हरला तरी ते द्यावे. मजुराची मजुरी माल विकला गेला नाही म्हणून कोणी अडवत नाही. माल उचलण्यासाठी ठेवलेले भांडवल यात घालू नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा नियम मंडपातही लागू आहे.

शेवटची गोष्ट मोबाइलवरील खेळांची. खेळाडू निवडून संघ बनवण्याच्या नावाखाली पैसे लावण्याचे प्रकार गेल्या काही वर्षांत फार वाढले होते. कामावरच्या पोरांचा पगार त्यात गेल्याच्या तक्रारी अनेक दुकानांतून ऐकू येत. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. तरी कोणी नव्या नावाने असे काही घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. कोणता खेळाडू कोणत्या संघाला शोभेल यावर वाद घालायला पैसा लागत नाही. तो वाद पावसाळाभर चालू द्यावा, मात्र गल्ल्याची किल्ली आपल्याजवळ ठेवून.