एक नट आणि ५२ माणसे

मधल्या सुटीत आमच्या चालण्याची व खाकरण्याची नक्कल होते, हे आम्हांस ठाऊक आहे. त्याचा आम्हांस राग नाही. परंतु नकलेनकलेत भेद असतो, तो विद्यार्थिमित्रांनी ध्यानी घ्यावा.

प्रा. लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) हे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवीत. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात ते एकटेच सुमारे तीन तास ५२ पात्रे उभी करीत. या विक्रमाची नोंद गिनेस बुकात झाली. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर आणून ही वाट आधीच रुळविली होती.

एकट्या नटाची पात्रे ओळखावी कशी? एकपात्री कलेत आवाजाची पट्टी बदलते, पाठ वाकते, नजर फिरते. उजवीकडे पाहून केलेल्या प्रश्नास डावीकडे पाहून उत्तर मिळते. म्हाताऱ्याचा खोकला साधण्यास म्हाताऱ्यांजवळ बसावे लागते.

लंडनास निघालेल्या त्या मराठवाडी वऱ्हाडास पाहून लोक पोट धरून हसत. त्यांत मराठवाड्याचे लोकही असत. कारण त्या नकलेत आपुलकी होती. केवळ व्यंग टिपले की टवाळी होते. माणूस जाणला की कला होते. ज्याची नक्कल करावयाची, तो समोर असता त्यासही हसू येईल काय, हे आधी स्वतःस विचारावे.

आमची नक्कल करणाऱ्यांनी ती एकदा आमच्यासमक्ष करावी, ही विनंती.