अभाव कसा सिद्ध करायचा? निरुपयोगी प्रोग्रॅम काढून टाकण्याचं शास्त्र

मंडळी, भारतीय दर्शनांत ‘अभाव’ या विषयावर एवढा काथ्याकूट का, असं आम्हाला नेहमी विचारलं जातं. घट नाही, तर नाही. त्यात सिद्ध काय करायचं? आज या प्रश्नाचं उत्तर आपण संगणकाच्या जगात शोधू.

मोठ्या संस्थेची खरेदी, पगार, साठा, हिशेब हे सगळं हल्ली एकाच प्रणालीत चालतं. जर्मनीत १९७२ साली सुरू झालेल्या सॅप कंपनीची प्रणाली त्यातली फार प्रसिद्ध. मुंबई महानगरपालिकाही ती वापरते. कंपनीने दिलेले मूळ प्रोग्रॅम असतातच. शिवाय प्रत्येक संस्था आपल्या गरजेचे वेगळे लिहून घेते. त्यांची नावं सहसा झेड किंवा वाय या अक्षराने सुरू होतात. पंधरा-वीस वर्षांत असे हजारो साठतात. लिहिणारा नोकरी सोडून जातो, मागवणारा साहेब निवृत्त होतो, प्रोग्रॅम मात्र तिथेच. आता जुन्या प्रणालीवरून एस-फोर-हाना या नव्या प्रणालीवर जायची वेळ आली, की यातला प्रत्येक प्रोग्रॅम तपासावा लागतो. मग साहजिकच विचारलं जातं: नको ते आधीच काढून टाकू या का?

राहू दिलं तर काय बिघडतं? १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत काय झालं ते बघा. २००३ पासून वापरात नसलेला कोडचा एक तुकडा तसाच पडून होता. नवा प्रोग्रॅम बसवताना आठपैकी एक सर्व्हर राहून गेला आणि त्यावरचा हा जुना तुकडा जागा झाला. साधारण पाऊण तासात कंपनीचं ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं.

आणि घाईने काढलं तर? मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा आपला अकरा ओळींचा छोटासा प्रोग्रॅम सार्वजनिक भांडारातून काढून घेतला. त्यावर जगभरातली हजारो कामं विसंबून होती, ती अडली. शेवटी काही तासांत तो परत आणावा लागला. म्हणजे ठेवण्यातही धोका आणि काढण्यातही.

म्हणून काढण्याचं काम एका वेगळ्या साधनावर सोपवतात. ते दोन साक्षी घेतं. पहिली साक्ष: या प्रोग्रॅमचं नाव दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं आहे का? दुसरी साक्ष: प्रत्यक्ष कामकाजात तो अमुक काळात कधी चालला का? दोन्हीकडून ‘नाही’ आलं, तर तो काढण्याच्या यादीत जातो.

इथे आमचे मीमांसक मदतीला येतात. कुमारिल भट्टांनी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानलं. पण त्याला एक अट आहे, ती म्हणजे ‘योग्य’ अनुपलब्धी. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही, तर घट नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही.

आता आपल्या सोलापूर जिल्ह्याकडे या. इथे साखर कारखाने भरपूर. समजा, एखाद्या कारखान्यात हे साधन मे ते ऑगस्ट असे चार महिने नोंद घेत राहिलं. ऊसबिलाचा प्रोग्रॅम एकदाही चालला नाही, असं ते सांगेल. चालेल कसा? गाळप हंगामच नाही! ३१ मार्चचा ताळेबंद, दिवाळीचा बोनस यांचंही तेच. निदान एक पूर्ण वर्ष पाहिल्याशिवाय उजेड झाला असं म्हणता येत नाही.

पहिल्या साक्षीतही एक अंधारा कोपरा असतो. काही वेळा प्रोग्रॅमचं नाव कोडमध्ये लिहिलेलंच नसतं. ते चालता चालता एखाद्या तक्त्यातून उचललं जातं. शोधणाऱ्याला ते सापडत नाही.

मग अशा साधनाचं माहितीपत्रक कसं असावं? आमच्या मते ‘हे बटण दाबा, ते दाबा’ हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. साधन काय पाहतं, यापेक्षा ते काय पाहू शकत नाही, हे ठळक लिहावं. नोंद किती काळाची आहे ते लिहावं. मंजुरी कोणाची, हे लिहावं. त्यात संगणक विभागाबरोबर हिशेब विभागाचा माणूसही हवा. काढलेलं परत कसं आणायचं, हेही लिहावं. आणि एक इशारा तर अगदी वरच हवा: प्रोग्रॅम त्याच्या जुन्या आवृत्तीवरून परत आणता येतो, पण माहितीचा तक्ता काढला, की त्यातली माहितीही जाते. तक्त्याचा सांगाडा परत उभा राहील, आतल्या नोंदी नाहीत. त्यांची प्रत आधीच वेगळी ठेवलेली हवी.

ही शिस्त आपल्याला नवी नाही. सरकारी कचेऱ्यांत कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात. अ कायम ठेवायचे, ब तीस वर्षं, क दहा वर्षं आणि ड एक वर्ष. जाळण्याआधी वर्ग ठरतो, मुदत पाहिली जाते, यादी होते. रेकॉर्डरूमच्या कारकुनाला जे ठाऊक आहे, तेच संगणकवाल्यांना नव्याने लिहून काढावं लागतंय.

एवढा खटाटोप कशासाठी? वर्षाकाठी दोनदाच चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमवर निवृत्त होणाऱ्या कामगाराची ग्रॅच्युइटी अवलंबून असते. तो प्रोग्रॅम गेला, तर पहिला हेलपाटा त्या माणसाच्या नशिबी येतो आणि आपलं काय अडलं, हे त्याला कोणी सांगूही शकत नाही. ‘कोणी वापरत नाही’ हे वाक्य उच्चारायला सोपं आहे. ते म्हणणाऱ्याला आपण एवढंच विचारायचं: तुम्ही कुठे पाहिलंत, किती दिवस पाहिलंत, आणि तेव्हा उजेड होता का?

आता तुमचे प्रश्न घेऊ.